चाळणीखालचा बूबशीर

मी बूबशीर बोलतोय. चांगली बातमी आणणारा, असा या नावाचा अर्थ. नाव मी स्वतः घेतलेलं नाही. सिरवा डोंगराच्या उतारावरच्या तिघरमान गावातल्या बायकांनी ते आमच्या जातीला दिलं आहे. जातीनं मी पतंग. पण दिव्यावर झेप घेऊन जळणाऱ्यांतला नव्हे. मी भर उन्हात हिंडतो, फुलासमोर हवेत एका जागी तरंगतो आणि अंगाएवढी लांब सोंड सरळ करून मध पितो. पंख इतके वेगानं हलतात की ते दिसतच नाहीत, नुसती घूंघूं ऐकू येते. नवखा माणूस मला चिमुकला पक्षीच समजतो. दूरदेशीचे विद्वान आमच्या कुळाला स्फिंक्स म्हणतात, कारण आमच्या अळ्या पुढचं अंग उचलून, मान वाकवून दगडी मूर्तीसारख्या गप्प बसतात.

मीही पुष्कळ गप्प बसलो. आता थंडी उंबऱ्यावर आली आहे. भिंतीच्या भेगेत शिरून निजण्याआधी मला जे सांगायचं आहे ते सांगून टाकतो.

माझा जन्म मंजिष्ठेच्या वाफ्यात झाला. मंजिष्ठ म्हणजे अंगभर बारीक आकडे असलेली, शेजारणीच्या खांद्यावर मान टाकून वाढणारी खरखरीत वेल. फुलं एवढीएवढीशी, पिवळट. मातीच्या वर तिचं कुणाला कौतुक नाही. तिचं सगळं मोल मातीखाली. मुळं तीन वर्षं पोसली की त्यांतून लाल रंग निघतो. तिघरमानच्या गालिच्यांचा लाल एकेकाळी याच मुळांचा होता. पुढे बाजारात पुडीतला रंग आला. हंड्यात टाकला, ढवळला, झालं. पण हा पुडीतला लाल पहिल्याच धुण्यात शेजारच्या पांढऱ्यावर ओघळायचा आणि बायका म्हणायच्या, गालिचा रडला.

समुद्राकाठच्या शहरात शिकून महजूबाची लेक तुदा गावी परत आली ती हा रडका लाल पुसायचा, असं ठरवूनच. पण मंजिष्ठ लावायची कुठं? तिची आत्या इज्जा हिच्या वाफ्याला पाटाचं पहिलं पाणी मिळायचं आणि तिथं जव पिकायचे. इज्जा गावातली सगळ्यांत कसबी विणकरीण, आणि जीभही तशीच धारदार.

"भाकरीच्या जागी काटे लाव म्हणतेस," ती म्हणाली होती. "तेही तीन वर्षं! आणि लाल निघाला नाही तर?"

"निघेल, आत्या."

"नाही निघाला तर पुन्हा या गावात कुणापुढे रंगाचं नाव काढायचं नाही. शहरात परत जायचं. कबूल?"

"कबूल," तुदा म्हणाली.

तुदाची आई महजूबा बाजूला लोकर पिंजत होती. ती म्हणाली, "वन्सं, तुम्ही माझ्या पोरीला घालवायची वाटच बघत होतात."

"तुझ्या पोरीला वाफा मी देतेय, महजूबा. तू काय दिलंस? जीभ?"

यातलं बरंचसं मी पुढे चाळणीखाली बसून ऐकलं. बायका काम करताना जुन्या गोष्टी पुन्हा पुन्हा उगाळतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला काही कमी पडत नाही.

तिसऱ्या वर्षाच्या वसंतात त्या तिघी वाफ्यात खुरपत होत्या, तेव्हा माझी आई तिथं आली. तिला पाहताच महजूबा ओरडली, "बूबशीर! बूबशीर आला!" तिघींनी खुरपी बांधावर ठेवून दिली. बूबशीर ज्यांच्याकडे येतो, त्यांनी त्या दिवशी लोखंड मातीला लावायचं नाही, असा इथला रिवाज. बातमी मातीखालून चालत येते म्हणे, तिच्या वाटेत धार आडवी यायला नको.

इज्जानं हात पसरले आणि मोठ्यानं विचारलं, "बाबा रे, रंग चढेल ना?"

माझी आई एका शेंड्यापाशी थांबायची, पोटाचं टोक कळीला टेकवायची, पुढे जायची. पुन्हा थांबायची, पुन्हा टेकवायची.

"बघा वन्सं, बघा! एकेका वेलीला आशीर्वाद देत चाललाय!"

महजूबानं जीभ हलवून असा काही लांबलचक हर्षनाद केला की पलीकडच्या उतारावरच्या शेळ्यांनी चरणं थांबवलं. इज्जा सांजेला मधाचं बोट वेलीला लावून आली.

माझी आई अंडी घालत होती.

त्यांतलंच एक मी. हिरवट, गोल, मोहरीहून लहान. जन्माआधीच ज्याच्यासाठी लग्नघरासारखा आनंद झाला, असा किडा मीच असेन. फक्त तो आनंद माझ्यासाठी आहे, हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं.

अंड्यातून बाहेर आलो तेव्हा मी पिवळट दोऱ्याचा तुकडा होतो. खाणं हा एकच उद्योग. आम्हाला पानही वाटेल ते चालत नाही. आम्हाला मंजिष्ठ लागते, नाहीतर पाटाच्या कडेनं वाढणारी, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या कपड्यांना चिकटणारी तिची रानटी बहीण. बाकी सगळं रान हिरवंगार असलं तरी आमच्या लेखी ते रिकामंच. मी कोवळे शेंडे खाल्ले, फुगलो, कातडी अपुरी पडली की ती टाकून नवी घातली. पुढे हिरवा झालो, अंगावर फिकट रेघा आल्या, मागच्या टोकाला एक शिंग उगवलं. ते शिंग कुणाला टोचत नाही, पण बघणाऱ्याला ते कुठं ठाऊक असतं? माझी कितीतरी भावंडं पाखरांनी नेली. काहींच्या अंगात गांधीलमाश्यांनी आपली अंडी घातली. त्या भावंडांना आतून कुणीतरी खात होतं आणि ती वरून पानं खात होती. मी वाचलो यात माझी हुशारी काही नाही.

वाफ्याचे शेंडे हळूहळू उघडे पडले आणि एका सकाळी तुदाची किंकाळी ऐकू आली.

मग तिघी राखेच्या पाण्याचे डबे घेऊन आल्या. आम्हाला वेचून डब्यात टाकू लागल्या. "दृष्ट लागली," महजूबा पुटपुटत होती. "बूबशीर स्वतः येऊन गेला, त्याच वाफ्यात ही अवदसा! कुणीतरी जळलंय आपल्यावर."

तुदा म्हणाली, "आई, पानं खाल्ली तरी मुळं जगतात. वेल पुन्हा फुटेल. घाबरू नकोस."

तेवढ्यात मी इज्जाच्या हाती लागलो. माझे खायचे दिवस तेव्हा संपले होते. कोश करायची वेळ आली की आमच्या अंगाचा हिरवा रंग जातो, आणि आम्ही जमिनीकडे उतरतो. मी बुंध्यावरून खाली सरकत होतो. इज्जानं मला चिमटीत उचलून उन्हात धरलं.

"महजूबा, ही बघ. लाल झालीय."

"अगं बाई!"

"रंग प्यालीय ही. आपल्या मुळांतला रंग पानांवाटे ओढून घेतलाय. तीन वर्षं आपण हिला दूध पाजलं!"

आता, ज्यांनी जन्मभर लोकर रंगवली त्यांनाच हे सुचावं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, अळी लाल झाली, असेल तिची जात. रंगारणीला मात्र ठाऊक असतं की रंग कुठून तरी निघतो आणि कुठंतरी चढतो. आपोआप काही होत नाही. लोकरीवर चढला तर तो मुळांतून उतरलेला असतो. अळीवर चढला असेल तर? जुन्या काळी ओकच्या झाडावरचे किडे उकळून लाल काढत, हेही इज्जानं आजीकडून ऐकलेलं. हिशेब तिच्या मनात चोख जुळला.

"मळणी आटोपली की वाफा खणायचा," ती म्हणाली. "उरलाय तेवढा रंग तरी हाती लागेल."

तुदाचा आवाज चिरकला. "आत्या, आत्ता खणलीस तर मुळं काडीएवढी निघतील! पानगळ होईपर्यंत थांब. शेवटच्या महिन्यांतच ती भरतात."

"तोवर या भरतील आणि मुळं पोकळ होतील. सांग, ही लाल कशानं झाली? तुझ्या पुस्तकात आहे?"

"नाही," तुदा म्हणाली. तिला ठाऊक नव्हतं, आणि खोटं बोलायचा तिचा स्वभाव नव्हता.

"झालं तर मग. खणायच्या दिवशी हिला हंड्यात घालून दाखवते. लोकरीचा एक धागा लाल काढून दिला म्हणजे पटेल ना?"

अशा रीतीनं मी इज्जाच्या घरी आलो. तिनं मला मातीच्या ताटलीत ठेवलं, भोवती मंजिष्ठेच्या डहाळ्या आणि सुकी पानं घातली, आणि वर चाळणी पालथी घातली. तीही कुसकुसची, गव्हाच्या रव्याचे ते वाफवायचे दाणे जिच्यातून चाळतात ती.

महजूबा दारातूनच म्हणाली, "वन्सं, पाहुण्यांना याच चाळणीतलं वाढणार?"

"तुला वाढेन. तुझी जीभ मऊ होईल."

मी सुक्या पानांत शिरलो, चार धागे ओढून जेमतेम घर केलं आणि शेवटची कातडी टाकली. आता मी कोश झालो. बाहेरून खजुराच्या सुकल्या बीसारखा. हात नाही, पाय नाही, तोंड नाही. आत मात्र सगळं वितळत होतं आणि पुन्हा घडत होतं. अळी म्हणून माझं जे जे होतं, ते मोडून त्यातूनच पंख, मोठे डोळे आणि गुंडाळलेली सोंड तयार होत होती. इज्जा चाळणी उचलून बघायची. "मेली वाटतं," म्हणायची. पण टाकून द्यायची नाही. सुकली तरी रंग आत असणारच, हा तिचा हट्ट. त्या हट्टामुळे मी जगलो.

त्या दिवसांत मला या माणसांची ओळख झाली. चाळणीशेजारीच माग होता. दिवसभर गाठी पडत, लोखंडी फणीची थाप पडत राही. इज्जा मागाशी उठता-बसता बोलायची, जिवंत माणसाशी बोलावं तसं. "हलू नकोस रे. आज तुझा खांदा दुखतोय का?" गालिचा पुरा होऊन मागावरून कापायचा दिवस आला, तेव्हा तिनं आधी त्याच्यावर पाणी शिंपडलं. मरणाऱ्याच्या तोंडात घालतात तसं. ज्या घरात काठ्या-दोऱ्यांनासुद्धा जीव आहे असं धरून वागतात, त्या घरात मी मातीच्या ताटलीत पडून होतो. मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

तुदा रोज यायची. वाद घालायची नाही आता. आत्यासाठी लोकर धुवायची, चहात पुदिना घालायची, आणि जाताना एकदा विचारायची, "आत्या, पानगळीपर्यंत?" इज्जा मान हलवायची. नाही म्हणून.

महजूबानं लेकीची शहरात न्यायची पेटी माळ्यावरून काढून झटकून ठेवली होती. हे तिनंच इज्जाला सांगितलं, नेहमीचा टोमणा न मारता. इज्जाची फणी जरा वेळ थांबली. मग पुन्हा पडू लागली.

मळणी आटोपली. खणायचा दिवस उजाडला. अंगणात तुदा आणि महजूबा कुदळी घेऊन उभ्या होत्या. चुलीवर हंडा चढला होता, पाण्यात तुरटी पडली होती, कडेला पांढऱ्या लोकरीचा धागा तयार होता.

त्याच सकाळी मी कोश फोडला होता. बाहेर आलो तेव्हा पंख ओल्या चिंधीसारखे होते. चाळणीच्या आतल्या बाजूला चढून मी उलटा लटकलो, ते भरू दिले, सुकू दिले. मग अंग तापवण्यासाठी मी थरथरू लागलो.

"आतून काय गं घूंघूं करतंय?" इज्जा म्हणाली, आणि तिनं चाळणी उचलली.

मी थेट तिच्या तोंडासमोर जाऊन तरंगत राहिलो. इज्जानं डोक्याला निळा रुमाल बांधला होता, आणि निळं दिसलं की आम्हाला फूल वाटतं. ते आम्ही जन्मतःच शिकून येतो. मी सोंड सरळ करून तिच्या कपाळाशी मध शोधत होतो. मी बातमीबितमी काही आणली नव्हती. मला भूक लागली होती.

"बूबशीर," इज्जा कुजबुजली. तिचे ओठ एवढेच हलले.

महजूबानं ताटलीत वाकून पाहिलं. फुटका कोश, सुकी पानं, दुसरं काही नाही. ती सावकाश म्हणाली, "वन्सं, हंडा उतरवा. बूबशीर उकळायला निघाला होतात."

"तुदा, तुला हे ठाऊक होतं?"

"नाही, आत्या. मला वाटलं होतं, एखादी माशी निघेल."

इज्जा जमिनीवर बसली. फुटका कोश तळहातावर घेऊन तिनं विचारलं, "राखेच्या पाण्यात किती टाकल्या गं आपण?"



मग तुदानं आपल्या हातातली कुदळ हळूच भिंतीला टेकवली. महजूबानंही टेकवली. बूबशीर घरात आला होता. आला काय, घरातच जन्मला होता. आज लोखंड मातीला लागणार नव्हतं.

पण इज्जा गप्प बसणारी नव्हती. ती उठली आणि रिकाम्या हातांनी वाफ्याकडे चालू लागली, मागोमाग त्या दोघी. मी बांधावरच्या रानलव्हेंडरवर गेलो, म्हणून पुढचं मला दिसलं. तिनं एका वेलीच्या बुंध्याशी बोटं खुपसली. जन्मभर गाठी मारलेली ती बोटं. नखांत माती गेली, एका बोटाला खरचटलं, पण ती उकरत राहिली. शेवटी एक मूळ तिच्या हातात आलं. तिनं ते मोडलं, तळहातावर घासलं आणि हात उन्हात धरला.

"आहे," ती म्हणाली. "रंग आहे. कुठं गेलेला नाही." मग ते मूळ बोटांत फिरवून म्हणाली, "पण काडीएवढं आहे. तू म्हणाली होतीस तसंच."

तुदा पुढे सरली.

"मग ती अळी लाल कशानं झाली?"

"खरंच ठाऊक नाही, आत्या."

"ठाऊक नसलं की नाही म्हणतेस, म्हणून तुझं ऐकावंसं वाटतं," इज्जा म्हणाली, आणि तिनं ती वेल पुन्हा मातीत दाबली. "पानगळीपर्यंत. त्याच्या एक दिवस पुढे नाही."

वाफ्यात अजून काही अळ्या होत्या. त्यांचं काय करायचं? मारायला आता हात धजेना, ठेवाव्यात तर शेंडे जातील. तुदानं पाटाच्या कडेची ती चिकटणारी रानवेल दाखवली. पानांची ठेवण तीच. तिघींनी एकेक अळी ओंजळीत घेऊन तिकडं नेऊन सोडली. घरी परतल्या तेव्हा तिघींचे घागरे कुसळांनी भरले होते.

"सणावाराला माहेरी जायला मिळत नाही," महजूबा कुसळं वेचताना म्हणाली, "आणि किड्यांना बघा, ओंजळीतून पोचवणी!"

उन्हाळा मी मनसोक्त जगलो. थायम, रानलव्हेंडर, अंगणातली जाई. रोज ठरल्या वेळी त्याच फुलांवर जायचं. आम्हाला जागा आणि वेळ पक्की लक्षात राहते. पुढे पानं पिवळी पडली. त्या दिवशी मी मुद्दाम इज्जाच्या वाफ्यापासून लांब राहिलो. मी दिसलो असतो तर कुदळी खाली ठेवाव्या लागल्या असत्या, आणि तीन वर्षं थांबलेल्यांना आणखी एक दिवस थांबवायचं माझ्या जिवावर आलं.

मुळं निघाली. अंगठ्यासारखी जाड नव्हेत, पण करंगळीएवढी भरलेली. ती सुकली, कुटली गेली, हंड्यात पडली. अंगणात लोकरीच्या लड्या वाळत घातल्या, धुतल्या, पुन्हा वाळत घातल्या. शेवटच्या धुण्याचं पाणी इज्जानं पांढऱ्या वाडग्यात धरलं आणि तिघी त्यावर वाकल्या. पाणी स्वच्छ होतं.

"रडत नाही हा," महजूबा म्हणाली, आणि स्वतःच रडली.

इज्जानं वाडगा पाटात रिकामा केला. लेकीच्या पाठीवर हात फिरवतात तसा तिनं ओल्या लडीवर हात फिरवला आणि तुदाकडे न बघताच म्हणाली, "वरचा वाफासुद्धा घे. मला एकटीला कुठं एवढे जव लागतात. आणि ती पेटी पुन्हा माळ्यावर टाक, वाटेत येते."

त्या वेळी मी भिंतीशी होतो आणि मला एक गोष्ट प्रकर्षानं जाणवली. आमच्या डोळ्यांना लाल दिसत नाही. निळं दिसतं, पिवळं दिसतं, माणसांना दिसत नाही असंही काही दिसतं, पण लाल आमच्यासाठी नुसता काळोख. ज्या रंगापायी माझी भावंडं राखेच्या पाण्यात गेली, ज्याच्यापायी मी हंड्याच्या काठावरून परत आलो, ज्याच्यासाठी एका बाईनं नखांनी जमीन उकरली, तो रंग मी कधी पाहिलेला नाही. पाहणारही नाही. अंगणातल्या त्या लड्या मला गडद सावल्यांसारख्या दिसल्या. पण त्यांच्याकडे बघणारे तीन चेहरे मला दिसले, आणि मी मनाशी म्हटलं, हा रंग असाच असणार.

आता मी इज्जाच्या घराच्या भिंतीतल्या भेगेत आलो आहे. आतल्या चुलीची ऊब इथपर्यंत पोचते. पंखांवरचे खवले झडलेत, कडा फाटल्यात. थंडी सोसली तर वसंतात पुन्हा बाहेर पडेन. नाही सोसली तर इथंच धूळ होईन, त्याचं मला दुःख नाही.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. तुम्ही चांगल्या बातमीची वाट बघत असाल, दारंखिडक्या उघड्या टाकून, हात पसरून. ती पंख लावूनच येईल असं धरून चालू नका. कदाचित आत्ता ती तुमच्या वाफ्यात शिंग उगारून तुमचीच पानं खात असेल आणि तिला चिरडायला तुमचा हात उठला असेल. तिला एकदा उन्हात धरून नीट बघा. फार काही करू नका, नुसती वर एक चाळणी ठेवा आणि थोडं थांबा.

येतो. मला झोप आली आहे.